प्रवेशाची यादी आणि शिक्षणाची वाट

वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. रानडे स्वतः मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पण त्यांनी घातलेल्या या मांडवात बसावयास पदवी लागत नाही आणि दाराशी कोणी गुणपत्रिका तपासत नाही. आम्ही दहावीनंतर कॉलेजाची पायरी चढलो नाही. १९८२ सालच्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला तो थांबलाच, आणि चार वर्षांनी आम्ही एका वर्कशॉपात लागलो. जे थोडेफार शिकलो ते वाचनालयांत, कामगार चळवळीत आणि अशा मांडवांत मागल्या रांगेत बसून. तेव्हा कॉलेजप्रवेशासारख्या विषयावर आम्ही बोलावे, याचे कोणास हसू येईल. परंतु व्याख्यानमाला उठते न उठते तोच निकाल लागू लागतात, आणि मग आमच्या युनियनच्या कचेरीत पगारवाढीपेक्षा प्रवेशाचीच चर्चा अधिक होते. गेली पंचवीस वर्षे आम्ही ती ऐकत आहो. त्यातून जे समजले ते आज मांडतो.

पहिला प्रश्न असा की, प्रवेशाची यादी ही वस्तू आहे तरी काय? घरोघरी समजूत अशी की, यादी म्हणजे मुलाच्या योग्यतेवर समाजाने दिलेला निकाल. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे गिरणीत राबलेल्या माणसास चटकन कळेल. आमचे वडील साचेखात्यात कायम होण्यापूर्वी सात वर्षे बदली कामगार होते. पाळी सुरू होण्याआधी गेटावर बदल्यांची गर्दी उभी राही. त्या दिवशी जितके कायम कामगार गैरहजर, तितके साचे रिकामे, आणि तितक्याच बदल्यांना काम. उरलेले डबा घेऊन घरी परतत. परतलेले कामात कच्चे होते काय? मुळीच नाही. साचे कमी होते आणि माणसे जास्त होती.

कॉलेजाचा ‘कटऑफ’ हा असाच गेटावरचा आकडा आहे. त्या जागांवर सर्वांत शेवटी ज्यास प्रवेश मिळाला त्याचे गुण, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा कॉलेजातील अध्यापन मोजत नाही. तेथे जाण्यासाठी कोण कोण रांगेत उभे होते, हे तेवढे सांगतो. कॉलेज स्टेशनाजवळ असले, जुने असले, शेजारच्या मुलाने त्याचे नाव घेतले, की रांग वाढते आणि आकडा चढतो. दहावीच्या टक्केवारीचे गणितही पाहा. उत्तम पाच विषयांचे ५०० गुण धरतात. ४५८ गुण म्हणजे ९१.६ टक्के, आणि ४५७ म्हणजे ९१.४. यादीत एक आत, दुसरा बाहेर. मध्ये अंतर अवघ्या एका गुणाचे! एका गुणाने मनुष्याची बुद्धी ठरते असे मानणारा परीक्षक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

बारावीनंतरच्या सीईटीचा ‘पर्सेंटाइल’ हाही असाच गैरसमजाचा शब्द. ती परीक्षा अनेक सत्रांत होते आणि सत्रागणिक प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून मुलाला त्याच्याच सत्रातील इतरांच्या शेजारी उभे करून मोजतात. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या शंभरांतील नव्वद जणांना त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळाले, असा त्याचा अर्थ. हे न कळल्यामुळे कित्येक आईबाप मुलाला उगाच डोक्यावर घेतात, कित्येक उगाच बोल लावतात.

यादीचा अर्थ असा समजला म्हणजे अर्जाकडेही डोळसपणे पाहता येते. अकरावीचे प्रवेश २०२५ सालापासून साऱ्या महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तिच्यात नियम असा की, पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घेतलाच पाहिजे. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. म्हणून पहिला क्रमांक मित्राच्या आग्रहाने भरू नये. तसेच पसंतीची शेवटची नावे केवळ रकाने भरावयाचे म्हणून टाकू नयेत. ज्या दाराशी आपण पाहून आलो आहो, जेथवर रोज जाण्याचे भाडे परवडते, जेथील प्रयोगशाळा उघडी दिसली, तेच नाव अर्जात घालावे. आमचा अनुभव असा की, मनस्ताप बहुधा शेवटच्या पसंतीचे कॉलेज मिळाल्याचा असतो. आणि ते कॉलेज घरातील कोणी पाहिलेलेही नसते!

आता पैशाची गोष्ट. मागे एका पावसाळ्यात आमचे एक सभासद कचेरीत आले. मुलीला संगणकाची अभियांत्रिकी हवी होती, एका नामांकित कॉलेजात. सामायिक फेरीत तिला मिळाले गावाकडच्या रस्त्यावरचे एक साधे कॉलेज, आणि शाखा विद्युत. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. “अण्णा, फंडातून उचल काढतो. एक जण म्हणतो, मॅनेजमेंटची जागा मिळवून देतो,” ते म्हणाले. आम्ही म्हटले, “आधी बसा. चहा घ्या. मग कागद-पेन्सिल घेऊ.”

कागदावर निघाले ते असे. दलालाने सांगितलेला आकडा या गृहस्थांच्या तीन वर्षांच्या पगाराएवढा होता, आणि त्यात पावतीविना द्यावयाचा भाग वेगळा. अशी देणगी घेणे १९८७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे. उलट बाजूस २०२४ च्या जुलैतील शासननिर्णय होता. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, आणि जे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास वर्गात मोडते, त्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क त्याने पूर्ण माफ केले. मात्र प्रवेश सामायिक फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंटच्या जागेला ती सवलत नाही. म्हणजे एका बाजूस जन्माची पुंजी, दुसऱ्या बाजूस शिक्षणशुल्क शून्य. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण तिला काय सांगू?”

हा प्रश्न खरा. कागदावरच्या हिशोबाने मुलीचे रडू थांबत नाही. आमचे मत असे की, दोन दिवस रडू द्यावे. तिने खरोखरच काही गमावले आहे. ते क्षुल्लक आहे असे सांगणे हा तिचा अपमान होय. त्या दिवसांत शेजारच्या मुलाचे नाव घरात काढू नये, आणि आपण तिच्यासाठी काय काय सोसले याचा पाढा वाचू नये. पण दोन दिवसांचे आठ दिवस झाले, झोप उडाली, जगण्यात राम नाही असे बोलणे निघू लागले, तर तो हट्ट समजू नये. डॉक्टरांकडे जावे, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे पैसे पडत नाहीत, आणि लाजण्याचे कारण नाही.

मग कोणी विचारील, “कॉलेज कोणतेही असले तरी सारखेच, असे तुमचे म्हणणे काय?” नाही. असे म्हणणे खोटेपणाचे होईल. या बाबतीत अमेरिकेतील स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या दोघांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या नावाच्या कॉलेजात ज्यांना प्रवेश मिळत होता, तरी जे दुसरीकडे शिकले, अशांची पुढील मिळकत त्यांनी तपासली. सरासरीने ती मोठ्या कॉलेजात गेलेल्यांच्या बरोबरीची निघाली. म्हणजे यश बहुतांशी विद्यार्थ्याबरोबर गेले, इमारतीबरोबर राहिले नाही. हे ऐकून आपण टाळ्या वाजवू. पण पुढचे वाक्यही ऐकले पाहिजे. गरीब घरच्या मुलांच्या बाबतीत मात्र मोठ्या कॉलेजाने फरक पडला होता. आणि दोघांच्या नंतरच्या अभ्यासात, ज्यांचे आईबाप फारसे शिकलेले नाहीत त्यांच्याही बाबतीत तसेच दिसले.

अमेरिकेचा हिशोब आपल्याकडे जशाचा तसा लागू करता येणार नाही. तरी त्यातील मर्म आम्हांस ओळखीचे वाटते. वकिलाच्या मुलाला कोणती परीक्षा कधी असते, अर्ज कसा लिहावा, कोणाला भेटावे, हे जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या कळते. कामगाराच्या मुलाला ते कोण सांगणार? मोठ्या कॉलेजात ही माहिती आणि या ओळखी आपोआप मिळतात. साध्या कॉलेजात त्या मिळवाव्या लागतात. म्हणून ‘कोठेही शीक, सारखेच’ असे सांगून आमची सुटका होत नाही. जे आपोआप मिळणार नाही, ते कसे मिळवावे, हे सांगितले पाहिजे.

यासाठी आम्ही त्या मुलीस तीन कामे सांगितली. पहिले, पहिल्या महिन्यात ग्रंथपालाशी आणि निदान एका प्राध्यापकाशी ओळख करून घेणे. साध्या कॉलेजातही मन लावून शिकवणारा एक तरी शिक्षक असतोच, आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्याला फार दिवसांनी भेटलेला असतो. दुसरे, चौघांचे अभ्यासमंडळ बांधणे. आयआयटी आणि बंगलोरची विज्ञानसंस्था यांतील अध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात, आणि २०१७ पासून ‘स्वयम्’वरही अभ्यासक्रम आहेत. पण एकटा मनुष्य तिसऱ्या व्याख्यानाला पेंगतो. चौघे असले की एक जण तरी बाकीच्यांना हलवतो. तिसरे काम आमच्या धंद्यातले: जे मागावयाचे ते लेखी आणि एकत्र मागणे.

पहिल्या सत्रात ती मुलगी सांगत आली, “काका, मशीन लॅबला कुलूप असते. तासाला उघडतात आणि लगेच लावतात.” आम्ही विचारले, “किती जणांची तक्रार आहे?” म्हणाली, “सगळ्यांची.” “सह्या किती?” यावर ती हसली. पुढच्या आठवड्यात अर्ज गेला. भाषा नम्र, मागणी एकच, सह्या सत्तावीस, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. महिन्याभराने आठवड्यातून दोन दुपारी प्रयोगशाळा उघडी राहू लागली. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात महाविद्यालय विकास समितीची तरतूद आहे आणि तीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष-सचिवांना जागा आहे, हेही तिने स्वतः शोधून काढले. कायदा वाचणारा विद्यार्थी साध्या कॉलेजासही थोडा मोठा करतो.

ती आज कोठल्या मोठ्या हुद्द्यावर पोचली, असे सांगून आम्ही टाळ्या घेणार नाही. ती अद्याप शिकते आहे. गणिताच्या एका विषयात तिची एकदा दांडी उडाली, तो तिने पुन्हा काढला. संगणकाची ओढ सुटलेली नाही. विद्युत शाखेत राहून ती तोही अभ्यास करते. घरावर कर्ज नाही, आणि बापलेक एकमेकांशी बोलतात. आमच्या हिशोबी ही कमाई लहान नाही.

शिवाय एक दार लागले म्हणजे वाडा बंद झाला असे नव्हे. दहावीत नापास झालेल्यास पुरवणी परीक्षा आहे. आयटीआय करणारास पुढे पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी करता करता शिकणारांसाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेथील मुले कमवून शिकली. कॉलेज नवे होते. त्याचे नाव व्हावयाचे होते, आणि ते त्या मुलांनीच केले.

आमच्या गिरणगावात वाढलेले कवी नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि पुढे शिक्षक झाले. १९६६ साली निघालेल्या आपल्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. हे उदाहरण आम्ही जपून देतो. सुर्वे शिपाई होऊनही मोठे झाले, मग तुला कॉलेज कशाला, असे कोणी मुलाला म्हणू लागला तर तो त्या नावाचा दुरुपयोग होईल. जागा वाढल्या पाहिजेत, साध्या कॉलेजांतील रिकामी अध्यापकपदे भरली पाहिजेत, कुलपे निघाली पाहिजेत. ही मागणी आम्ही सोडणार नाही. गेटावर परतणाऱ्या बदल्याला धीर देणे आणि साचे वाढवा म्हणून भांडणे, ही दोन्ही कामे युनियनची असतात.

तेव्हा यंदा यादी लागेल त्या संध्याकाळी एवढे करावे. मुलाला आधी जेवू घालावे. दलालाला दारातूनच परत पाठवावे. आणि दोन दिवसांनी, जे कॉलेज मिळाले असेल तेथे बापाने किंवा आईने मुलाबरोबर एकदा जाऊन ग्रंथालय कोठे आहे ते विचारून यावे. पुढचा रस्ता तेथून सुरू होतो.