वाग्देवतेचे देऊळ

प्रार्थनास्थळाची जुनी वास्तू केवळ डागडुजीने टिकत नाही, तिच्यात माणसांचा वावरही टिकवावा लागतो, हा अनुभव वास्तुजतनाच्या क्षेत्रात सर्वत्र आलेला आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त शहरात १२९४ मध्ये प्रतिष्ठापना झालेले डॉमिनिकन पंथाचे चर्च फ्रेंच अमलात उपासनेविना ओस पडले, पुढे कोठार म्हणून आणि सायकली ठेवण्यासाठी वापरले गेले आणि अखेर २००६ मध्ये तेथे ग्रंथविक्रीचे दालन थाटण्यात आले. जुन्या गोव्यातील सांता मोनिका या जोगिणींच्या मठात २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय नांदते आहे. देवघर रिकामे झाल्यावर तेथे ग्रंथ किंवा कलावस्तू याव्यात, असा या दोन्ही उदाहरणांचा क्रम आहे. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात हा क्रम उलटा झालेला दिसतो, कारण तेथे हस्तलिखिते आधी जमली आणि त्यांच्यासाठी मंदिर मागाहून उभे राहिले.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने पांझरेकाठच्या धुळ्यात सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली आणि ते गाव जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. पूर्व आणि पश्चिम अशी खानदेशाची फाळणी १९०६ मध्ये झाली. तोवर आजच्या जळगाव आणि धुळे या दोन्ही भागांचा कारभार याच गावातून चाले, त्यामुळे कचेऱ्यांच्या आश्रयाने वकील, शिक्षक आणि अंमलदार यांचा शिकलेला वर्ग येथे स्थिरावला. याच वर्गातील शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ रामदास व त्यांचा संप्रदाय यांच्याविषयीची साधने गोळा करणे हे तिचे प्रमुख कार्य ठरले.

महाराष्ट्रापासून तंजावरपर्यंत विखुरलेल्या रामदासी मठांत पोथ्यांची पूजा होत असे, परंतु पूजा होणे आणि जतन होणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. वर्षानुवर्षे न सोडलेल्या रुमालात कसर लागली तरी ती कोणाच्या ध्यानात येत नसे. रुमाल म्हणजे पोथी बांधून ठेवण्याचे चौकोनी कापड आणि कसर म्हणजे कागद खाणारी बारीक कीड. देवांनी अशा मठांतील कागदपत्रांचा शोध घेतला आणि परांडे तालुक्यातील डोमगावच्या मठात, समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या परंपरेत राखलेल्या प्रतीच्या आधारे १९०५ मध्ये समर्थांचा दासबोध छापून प्रसिद्ध केला. वीस दशके आणि दोनशे समास यांचा हा ग्रंथ त्यामुळे मठाच्या देव्हाऱ्यातून वाचकाच्या हाती आला, आणि ग्रंथ वाचला जाणे हेच त्याचे खरे रक्षण होय, हा देवांच्या कार्याचा गाभाही त्यातून स्पष्ट झाला.

सभेने जमवलेल्या या साधनांच्या संग्रहाला ग्रंथालय न म्हणता मंदिर म्हणण्यामागे सांप्रदायिक धारणा आहे. आपल्या पश्चात ग्रंथालाच आपले रूप मानावे, अशी समर्थांची शिकवण असल्याचे संप्रदाय मानतो. तेव्हा वाणीची देवता जिथे अक्षररूपाने वसते ते स्थान देऊळच ठरते. समर्थांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत हे या देवळाचे सर्वांत मोलाचे धन असून, रामदासी वाङ्मयाबरोबर इतर संतकवींच्या रचनाही येथे सांभाळल्या आहेत.

अशा संग्रहातील वस्तू समजल्याखेरीज तिचे जतन समजत नाही. सुट्या आडव्या पानांची ती पोथी आणि कडेला शिवलेली, बहुधा उभी उलगडणारी वही ते बाड. दोन्हींचा कागद हातबनावटीचा, शाई काजळी आणि डिंक यांची, लेखणी बोरूची. चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहीत, आणि केलेले काम निष्फळ करणे या अर्थी रूढ झालेला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार याच रीतीतून आला आहे. काजळीची शाई उजेडाने सहसा फिकी पडत नाही. धोका असतो तो कागदाला, कारण खानदेशच्या कडक उन्हाळ्यात तो शुष्क होऊन कडांशी तुटू लागतो आणि पावसाळी दमटपणात त्यावर बुरशी धरते. म्हणून पोथी लाकडी फळ्यांत दाबून कापडात घट्ट बांधणे, वेखंडाची पूड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवणे आणि ठरावीक काळाने रुमाल सोडून पाने हाताळणे हे जुने उपाय योजले जात, आणि त्यांतील शेवटचा उपाय वाचकाच्या हातूनच सहज घडत असे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले. त्यामुळे समर्थांची परंपरा आणि इतिहासाची साधने यांचे दोन मोठे संग्रह एकाच शहराच्या वाट्याला आले. मात्र धार्मिक ग्रंथ बहुधा बाळबोध लिपीत, तर पत्रव्यवहार आणि हिशेब मोडी या जलद लिपीत लिहिले जात असल्यामुळे, मोडी वाचणारे विरळ होत गेले तर कागद शाबूत राहूनही त्यावरील मजकूर मुका होईल. जाणकार वाचक घडवणे हा वास्तूच्या छपराइतकाच जतनाचा भाग ठरतो तो याच अर्थाने. वाग्देवतेच्या देवळात रुमाल सोडून पान वाचणारा अभ्यासक हाच तिथला पुजारी असतो.