शेकडा दोनपासून बीकॉमपर्यंत

लग्न, शेती किंवा कारखान्याची पाळी यांत ज्यांचे शिक्षण दहावीच्या आसपास थांबले, त्यांना पस्तिशी-चाळिशीत कॉलेजात जायचे असेल तर वाटा बऱ्याच आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, आहे. पुढे पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. मुंबईत रात्रशाळा आहेत, रात्र महाविद्यालये आहेत. प्रवेश मिळतो. माणूस अडतो तो प्रवेशानंतर, आणि बहुधा गणितात नाहीतर संगणकावर. या दोन्हींची तयारी वेगळ्या तासांना, वेगळ्या शिक्षकांकडून करून घेण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. दोन्ही एकाच टेबलावर शिकवले तर निम्मे कष्ट वाचतात.

सुरुवात तोंडी हिशोबाने करावी. कांदे २८ रुपये किलो, साडेतीन किलोचे किती? वर्गातली भाजीवाली बाई क्षणात ९८ म्हणते. तीन किलोचे ८४, अर्ध्याचे १४. मग तेच गणित वहीत ३.५ गुणिले २८ असे मांडायला सांगावे. आता दशांश चिन्ह हरवते आणि उत्तर ९८० येते. आकडे तेच, डोके तेच, तरी उत्तर दसपट. इथे चूक दाखवायची घाई करू नये. ‘एवढ्या कांद्यांचे नऊशे ऐंशी द्याल का?’ एवढेच विचारावे. ती स्वतःच खोडरबर शोधते.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला होता. तो १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यावर हिशोब विचारले तेव्हा सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर उतरले. आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनीही धारावीतल्या मुलांच्या कामधंद्यातल्या गणिताचा अभ्यास केला आहे. प्रौढांच्या वर्गात हे ध्यानात ठेवले तर ‘पायाच कच्चा आहे’ म्हणून पहिलीच्या बेरजांपासून सुरुवात करण्याचा मोह टळतो. हिशोब येत असतो. तो लिहून दाखवण्याची सवय गेलेली असते, किंवा कधी लागलेलीच नसते.

आता संगणक सुरू करावा, आणि थेट स्प्रेडशीट उघडावी. चित्र रंगवणे, टायपिंगचे खेळ हे सगळे नंतर. विषय घ्यावा व्याजाचा, कारण शेकडा दोन म्हणजे काय हे बचत गटातल्या कुठल्याही बाईला समजावावे लागत नाही: शंभराला महिन्याला दोन रुपये. ४०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ८००. पहिल्या रकान्यात मुद्दल, दुसऱ्यात दर, तिसऱ्यात बरोबरचे चिन्ह देऊन ‘ए-२ गुणिले बी-२ भागिले १००’. एंटर दाबले की ८०० दिसतात. मग मुद्दल खोडून ६०,००० लिहायला लावावे. ८००चे आपोआप १,२०० होतात, आणि नेमक्या या वेळी बीजगणितातले अक्षर कशाला असते ते उमगू लागते. ए-२ ही एक जागा आहे. तिच्यात येणारा आकडा बदलतो, सूत्र तेच राहते. फळ्यावर ‘समजा क्ष’ म्हणून तास तास घालवले तरी हे इतके चटकन पोचत नाही.

पुढची पायरी: व्याज भरलेच नाही आणि ते दर महिन्याला मुद्दलात मिळत गेले तर? पहिल्या महिन्याअखेर ४०,८००, त्यावर दुसऱ्या महिन्याचे व्याज ८१६. सूत्र खाली ओढत न्यायचे. दर मात्र एकाच चौकटीत ठेवायचा, म्हणजे त्याच्या नावात डॉलरचे चिन्ह घालून तो जागी खिळवावा लागतो. पुस्तकातले चल आणि स्थिरांक ते हेच. वर्षाअखेर आकडा ५०,७३०च्या जवळ येतो. सरळ व्याजाने तो ४९,६०० झाला असता. फरक बाराशेही नाही, म्हणून वर्ग जरा नाराज होतो. तेच छत्तीस महिन्यांपर्यंत ओढावे: सरळ व्याजाने ६८,८००, चक्रवाढीने सुमारे ८१,५९५. आता गप्पा थांबतात. मग १.०२चा छत्तिसावा घात हे शब्द प्रथमच फळ्यावर लिहायला हरकत नाही.

अपूर्णांकांसाठी घरातली शिदोरी जुनी आहे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असलेली माणसे आता थोडी, पण सव्वा, दीड, पावणेदोन प्रत्येकाच्या तोंडी असतात. पावणेदोन म्हणजे दोनातून पाव वजा, म्हणून १.७५: हे तोंडातून कागदावर उतरवायचे इतकेच. खरी अडचण एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांच्या बेरजेत येते. वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन पंचमांश लिहिणारे निम्म्याहून कमी नसतात. स्प्रेडशीटमध्ये दोन पंचमांश ०.४ दिसतात. अर्ध्यात काहीतरी मिळवले आणि अर्ध्याहून कमी झाले? शंका त्यांचीच, उत्तरही तेच शोधतात: ०.८३३, म्हणजे पाच षष्ठांश. (एक सूचना. चौकटीत नुसते १/२ लिहिले की संगणक त्याची तारीख करून टाकतो, त्यावर हमखास हशा पिकतो. आधी बरोबरचे चिन्ह लागते.)

ऋण संख्यांवर फार थांबावे लागत नाही. उधारीची वही पुरते.

संगणकाचा दुसरा भाग कमी रंजक, पण कॉलेजच्या पहिल्या महिन्यात कामी येणारा. मोबाइल सराईतपणे वापरणारी माणसे फाइल म्हटले की गोंधळतात. मोबाइलमध्ये फोटो पाठवला की पोचतो. तो कुठे राहतो हे कुणी पाहत नाही. संगणकावर ते पाहावेच लागते. म्हणून स्वतःच्या नावाचा फोल्डर, त्यात गुणपत्रिका, दाखला, आधार, फोटो, सही. प्रत्येक फाइलला ओळखू येईल असे नाव. ऑनलाइन अर्जात फोटो अमुक केबीच्या आत मागतात, म्हणून तो लहान करणे, दोन पानांची एक पीडीएफ करणे, ईमेलला जोडणे हे चार-पाच वेळा हाताखालून गेले पाहिजे. पासवर्ड आणि अर्जावरचा मोबाइल नंबर स्वतःचाच हवा. नेट कॅफेत दुसऱ्याने फॉर्म भरला, नंबर त्याचाच टाकला आणि ओटीपी त्याच्याकडे जात राहिला, तर परीक्षेचे हॉलतिकीट काढायलाही त्याच्याच दारात जावे लागते. मराठी टायपिंगसाठी उच्चारावर चालणारा कीबोर्ड पुरेसा आहे.

शेवटचे काही आठवडे प्रत्यक्ष अभ्यासक्रमाला द्यावेत. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष बीकॉमला बरीच वर्षे गणिती व सांख्यिकी तंत्रांचा विषय राहिला आहे. त्यात शेअर, म्युच्युअल फंड, सरासरी, प्रमाण विचलन, संभाव्यता येते. नाव ऐकून घाबरण्याजोगे त्यात प्रमाण विचलनच. घरच्या वीजबिलातले बारा महिन्यांचे युनिट एका रकान्यात लिहून सरासरी काढावी, पुढच्या रकान्यात प्रत्येक महिन्याचा सरासरीपासूनचा फरक, त्याच्या पुढे त्या फरकाचा वर्ग. वर्गांची सरासरी, तिचे वर्गमूळ. मेचे बिल सरासरीपासून किती लांब पडले ते समोर दिसते.

परीक्षेत स्प्रेडशीट मिळत नाही. म्हणून पडद्यावर केलेले प्रत्येक गणित दुसऱ्या दिवशी पायऱ्यांसह वहीत पुन्हा करायचे, आणि दोन उत्तरे जुळली नाहीत तर कोणत्या ओळीपासून फरक पडला ते शिक्षकाला न विचारता शोधायचे. पहिल्यांदा यात अख्खा तास जातो. तो तास वेळापत्रकात आधीच धरून ठेवावा.