जुन्या मोटारीतील गूढ आवाज : शोध आणि बोध

जोयडा तालुका क्षेत्राने विस्तीर्ण आणि वस्तीने विरळ आहे. या तालुक्यातून समुद्राच्या बाजूस उतरणाऱ्या दोन प्रमुख वाटा आहेत. एक अनमोड घाटाने गोव्यात मोले व फोंड्याकडे जाते. दुसरी अणशी घाटाने कद्रा व कारवारकडे. दोन्ही वाटा दाट अरण्यातून जातात. या अरण्याचा मोठा भाग २००७ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाला आणि २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. अशा मार्गावर सायंकाळनंतर वाहन बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. मदत दूर, वस्ती दूर आणि पाऊस असेल तर रस्ताही दिसत नाही. म्हणूनच वाहनातून येणाऱ्या अपरिचित आवाजाचा अर्थ वेळीच समजून घेणे येथे अगत्याचे ठरते.

या आवाजांपैकी सर्वांत फसवा आवाज म्हणजे बारीक, सलग, गुणगुणल्यासारखा सूर. खडखड झाली तर काही सैल झाले हे कोणासही कळते. ब्रेकचा खरखरीत आवाज चाकाकडे बोट दाखवितो. परंतु हा सूर कोठून येतो ते सांगता येत नाही. वेग वाढला की तो चढतो, कमी झाला की उतरतो आणि गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की पुष्कळदा नाहीसा होतो.

स्पोर्ट्स कारचे उदाहरण

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास जुनी स्पोर्ट्स कार हे उत्तम उदाहरण आहे. अशा गाडीचा आपल्या शेजारी एक छोटासा इतिहासही आहे. बंगळूरच्या सॅन मोटर्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, फायबरग्लासच्या अंगाची मोटार बाजारात आणली. तिची निर्मिती गोव्यात होत असे. इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचे, १,१४९ घन सेंटीमीटर क्षमतेचे होते. अशा मोटारी मोजक्याच निघतात आणि पुढे त्यांची निर्मिती थांबते. त्यानंतर सुटे भाग शोधत फिरण्याची पाळी मालकावर येते. ‘हा भाग बदलून पाहू, नाही जमले तर तो बदलू’ ही पद्धत अशा मालकास परवडत नाही. निदान आधी आणि दुरुस्ती नंतर, हाच त्याचा मार्ग असतो. आपल्या खेड्यांतून चालणाऱ्या जुन्या जीपगाड्या, टेम्पो व प्रवासी वाहने यांच्या मालकांनाही हाच न्याय लागू आहे.

समजा, वीस वर्षे वापरलेली अशी एक दोन आसनी गाडी फोंड्याहून अनमोड घाट चढून रामनगरला आली. तेथून जोयडा व अणशीमार्गे कारवारला उतरण्याचा मालकाचा बेत आहे. घाट संपून सपाट रस्ता लागल्यावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे एक सूर ऐकू येऊ लागतो. मागील महिन्यात कोणाच्या तरी सांगण्यावरून मालकाने अल्टरनेटर व त्याचा पट्टा बदलला आहे. पैसे गेले, सूर मात्र राहिला. आता पुढे जावे की थांबावे? या प्रश्नाचे उत्तर आपण क्रमाक्रमाने शोधू.

कान का फसतो?

सलग आणि बारीक सुराची दिशा ओळखणे कानाला अवघड जाते. टाळीचा आवाज कोठून आला ते चटकन कळते. किड्याची किर्र मात्र खोलीच्या चारही कोपऱ्यांतून येत असल्यासारखी वाटते. त्यात स्पोर्ट्स कारमध्ये बसण्याची जागा जमिनीलगत असते आणि इंजिन, गिअरबॉक्स व चाके बसणाऱ्यापासून हातभर अंतरावर असतात. धातूच्या सांगाड्यातून आवाज दूरवर वाहतो व भलत्याच जागी बाहेर पडतो. याकरिता अनुभवी मिस्त्री ‘आवाज कोठून येतो’ हा प्रश्न आधी विचारीत नाही. ‘आवाज कशाबरोबर चढतो आणि कशाबरोबर उतरतो’ हे तो प्रथम विचारतो. या लेखाचे सार या एका प्रश्नात आहे.

शोधाच्या पायऱ्या

पहिली पायरी : किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. इंधन टाकीत विजेवर चालणारा पंप असलेल्या गाडीत दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती नेहमीपेक्षा मोठी असेल तर पंप झिजल्याची किंवा इंधनाची गाळणी तुंबल्याची शंका घ्यावी. रेडिओ चालू असेल तर तो बंद करावा. अल्टरनेटरच्या विजेतील दोषामुळे कधीकधी ध्वनिक्षेपकातूनच इंजिनाच्या गतीबरोबर चढणारा सूर येतो आणि माणूस तो यंत्रात शोधत बसतो.

दुसरी पायरी : गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. सूर येथेच उमटला तर चाकांचा त्याच्याशी संबंध नाही. पट्ट्यावर फिरणारे अल्टरनेटर, पाण्याचा पंप, ताण देणारी कप्पी यांच्या बेअरिंगांकडे पाहावे. लांब लाकडी दांड्याचे एक टोक त्या भागाच्या स्थिर कवचावर टेकवून दुसरे कानाजवळ धरल्यास दोषी भाग ओळखता येतो. डॉक्टरांच्या नळीसारखेच हे साधन आहे. मात्र पट्टा आणि पंखा फिरत असताना सैल बाही, उपरणे, ओढणी किंवा पदर जवळ येता कामा नये. इंजिनात हवा ओढून घेणाऱ्या नळीस चीर पडली असल्यास शिट्टीसारखा आवाज येतो. तोही याच पायरीत सापडतो.

तिसरी पायरी : इंजिन चालू, गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये. आता क्लचचे पेडल दाबावे आणि सोडावे. दाबल्यावर सूर थांबत असेल तर गिअरबॉक्समध्ये शक्ती आणणाऱ्या दांड्याचे बेअरिंग संशयित ठरते. कारण पेडल दाबले की तो दांडा फिरावयाचा थांबतो. उलट, दाबल्यावरच सूर सुरू होत असेल तर क्लच सोडविणारे बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

चौथी पायरी : सपाट, सरळ व निर्मनुष्य रस्त्यावर बेताच्या वेगात गिअर बदलून पाहावे. वेग तोच ठेवून तिसऱ्याऐवजी चौथा गिअर घातला की इंजिनाची गती उतरते, चाकांची गती तीच राहते. सुराची उंची इंजिनाबरोबर उतरली तर दोष इंजिनाच्या बाजूस. वेग तोच आणि सूरही तोच राहिला तर दोष चाके, टायर किंवा डिफरन्शियल यांच्याकडे. सूर एखाद्याच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरच्या दात्यांची झीज झालेली असते. रिव्हर्स गिअरचा सूर मात्र बहुतेक गाड्यांत स्वाभाविक असतो. पुढे जाण्याच्या गिअरचे दाते तिरपे कापलेले असल्याने एकमेकांत हळुवार गुंततात. रिव्हर्सचे दाते बहुधा सरळ असल्याने एकदम आदळतात व गातात.

पाचवी पायरी : मोकळ्या मैदानावर हळूहळू डावीकडे व उजवीकडे वळून पाहावे. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा सूर वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग बहुधा दोषी असते. उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडचे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलत असेल तर तो टायरांचा. कापडी छप्पर असलेल्या गाडीत फटीतून शिरणारा वाराही गातो. फटीवर चिकटपट्टी लावून पाहिल्यास ही शंका दोन मिनिटांत फिटते.

वर्गात करून पाहण्याजोगे गणित

शिक्षकांना हा विषय विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदास ५० फेरे झाले. त्याच गतीने फिरणाऱ्या दांड्यावर २० दात्यांचे चक्र असेल तर सेकंदास २० × ५० = १,००० वेळा दात्यास दाता भिडतो. पेटीवरील पांढरी एकचा सूर सेकंदास सुमारे २६० कंपनांचा धरला, तर गिअरचा हा सूर त्याहून जवळजवळ दोन सप्तके वर लागतो.

आता चाक पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास १,००० मीटर. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर धरल्यास ते मिनिटास सुमारे ५५५, म्हणजे सेकंदास नऊ फेरे घेते. म्हणून झिजलेल्या चाकाच्या बेअरिंगचा आवाज आरंभी खर्जातील गुरगुरीसारखा असतो व वेगाबरोबर चढत जातो. दोन सुरांतील हा भेद कानाला एकदा उमगला की अर्धे निदान झालेच.

आपल्या उदाहरणाचा उलगडा

फोंड्याहून आलेल्या त्या गाडीचा सूर उभ्या अवस्थेत येत नव्हता. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष होता आणि ही गोष्ट एक रुपयाही खर्च न करता कळली असती. क्लच दाबल्याने फरक पडत नव्हता. गिअर बदलूनही सूर तोच राहत होता. डावीकडे वळताना मात्र तो वाढत होता. संशय पुढील उजव्या चाकावर स्थिरावला. गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम लाकडी ओंडका देऊन, चाक वर-खाली धरून हलविले असता ते डुगडुगले. हाताने फिरविले असता वाळू भरल्यासारखी खरखर जाणवली. बेअरिंग झिजले होते. अशा स्थितीत अणशीचा उतार उतरणे धोक्याचे होय. वळणावळणाला चाकावर वाढता भार पडून बेअरिंग तापू शकते व चाक अडकू शकते. मालकाने रामनगरलाच थांबणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो.

जीपगाड्या आणि ओढ्याचे पाणी

आपल्या भागातील जुन्या जीपमध्ये शक्ती मागील आसाकडे जाते आणि तेथील क्राऊन-पिनियन हे सुराचे नेहमीचे ठिकाण असते. ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर व सोडताना दुसरा येत असेल तर संशय तेथेच घ्यावा. पावसाळ्यात याचे एक विशेष कारण संभवते. लांब प्रवासाने तापलेले आसाचे हौसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते. हवा जाण्यासाठी ठेवलेले छिद्र अथवा झिजलेले सील यांतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधासारखे पांढरट होते, त्याचे वंगणाचे काम संपते आणि काही दिवसांनी दाते गाऊ लागतात. म्हणून पाण्यातून वारंवार गेलेल्या वाहनाचे तेल पावसाळा संपताच तपासावे. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. गिअरबॉक्समध्ये अधिक दाट तेल ओतून सूर दाबणे म्हणजे ताप न उतरविता तापमापक फोडण्यासारखे आहे.

काही दक्षता

आवाज ऐकण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. इंजिनाचा आधार सुटून सर्व भार ब्रेकवर पडतो व ब्रेक तापून निकामी होण्याचा संभव असतो. चालकाने वाहन चालवावे. कान देण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नये. आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, इंजिन थंड की गरम असताना आला, हे कागदावर लिहून ठेवावे. असा कागद हाती पडल्यास मिस्त्रीचा वेळ आणि मालकाचा पैसा दोन्ही वाचतात.

कायद्याचीही येथे आठवण ठेवणे योग्य होईल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये, धोकादायक ठरेल असा दोष ठाऊक असताना, किंवा साधारण काळजी घेतली असती तर ध्यानात आला असता असे असताना, वाहन सार्वजनिक जागी चालविणे हा अपराध आहे. ‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. कार्यालयीन वाहने, शाळांना मुले पोचविणारी वाहने व प्रवासी जीप यांच्या बाबतीत ही जबाबदारी अधिकच मोठी आहे. कारण तेथे चालकाच्या कानावर इतरांचे प्राण विसंबून असतात.

बैलाच्या चालीतील फरक शेतकऱ्यास तत्काळ कळतो, जात्याचा सूर बदलला की घरातील वडीलधाऱ्या बाईस दाते बोथट झाल्याचे उमगते. ऐकण्याचे हे जुने शहाणपण आपल्यापाशी आहेच. ते मोटारीच्या बाबतीत वापरावे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी आणि कारण सापडल्यावाचून भाग बदलू नये. घाटाचा उतार सुरू होण्यापूर्वी दिलेली दहा मिनिटे पुष्कळदा पुढचा सारा प्रवास सुखरूप करतात.