एक्स्प्लेनर : गाडीवर ‘२१४’चा ‘राम’ होतो, मग जपानमध्ये ‘४६४९’चं काय होतं?

वसईत अंबाडी रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की ‘एमएच ४८’च्या पुढे आकड्यांऐवजी ‘राम’ किंवा ‘पापा’ लिहिलेली एखादी बाइक दिसायचीच. क्रमांक असतो २१४ किंवा ४१४१. इंग्रजी २ थोडा वाकवला की ‘र’, १ म्हणजे काना, ४ ला वळण दिलं की ‘म’. ४९१२चा ‘पवार’ आणि ८०५५चा इंग्रजी ‘बॉस’ हे त्याच घराण्यातले.

गंमत म्हणून ठीक, पण एका प्लेटवरचा ४ ‘म’ होतो आणि दुसरीवरचा ४ ‘प’. अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर साक्षीदाराने सांगायचा कसा? ई-चलानच्या कॅमेऱ्याने वाचायचा कसा? म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा प्लेटला परवानगी नाही. आता हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी) आली. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच लागून येते, त्याआधीच्या गाड्यांनाही राज्यात ती बंधनकारक आहे. अक्षरांचा आकार ठरलेला, त्यामुळे पेंटरची कलाकुसर संपली.

जपानमध्ये मात्र आकड्यांचा असाच खेळ चालतो आणि त्यासाठी प्लेटला हात लावावा लागत नाही.

गोरोआवासे म्हणजे काय?

आकड्यांच्या उच्चारातून शब्द तयार करण्याच्या या खेळाला जपानीत ‘गोरोआवासे’ म्हणतात. आपल्याकडे २ म्हणजे दोनच. जपानीत एकेका अंकाला देशी आणि चिनी वळणाचे वेगवेगळे उच्चार आहेत, तेही आखूड. ४ म्हणजे ‘योन’, ‘यो’ किंवा ‘शी’. ६चा ‘रो’, ९चा ‘कु’. मग ४६४९ झालं ‘यो-रो-शि-कु’, म्हणजे आपल्या भाषेत साधारण ‘लोभ असावा’. ३९ म्हणजे ‘सान-क्यू’, अर्थात थँक्यू. पेजरवर फक्त आकडे जायचे तेव्हा जपानी पोरं ०८४० पाठवून ‘ओहायो’, म्हणजे सुप्रभात म्हणायची. २ला ‘नि’ म्हणतात आणि मांजर ‘न्यान’ करतं, म्हणून २२ फेब्रुवारी हा तिथे मांजर दिन!

वाईट अर्थही तितक्याच गांभीर्याने घेतले जातात. ४२ म्हणजे ‘शि-नि’, मरण. ४९ म्हणजे ‘शि-कु’, मरणयातना. त्यामुळे शेवटी ४२ किंवा ४९ येणारे गाडीचे क्रमांक तिथे सहसा दिलेच जात नाहीत.

मराठीत खेळ डोळ्यांचा

मराठीत आकड्यांशी खेळताना आपण बहुतेक वेळा कानापेक्षा डोळा वापरतो. ‘छत्तीसचा आकडा’ आठवा. देवनागरीतले ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असतात, म्हणून त्याचा अर्थ वैर. इंग्रजी अंकांत ही गंमत उरत नाही.

पण अक्षरातून आकडा काढायची पद्धत भारतात जुनी आहे. तिचं नाव ‘कटपयादि’. क, ट, प, य या चौघांची किंमत १, मग पुढच्या अक्षरांना क्रमाने २, ३, ४... ञ, न आणि सुटा स्वर म्हणजे शून्य. आलेले अंक उलट क्रमाने वाचायचे. ‘जय’मध्ये ज ८, य १, उलटे वाचले की १८. महाभारताचं जुनं नाव ‘जय’ आणि त्याची पर्वंही १८. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता रागांचे क्रमांक त्यांच्या नावातच याच पद्धतीने लपवलेत.

आम्ही आपल्या जिल्ह्यावर हे करून पाहिलं. विरार : ४, २, २, म्हणजे २२४. वसई : ४, ७, ०, म्हणजे ०७४. पालघर : १, ३, ४, २, उलटे वाचले की थेट चार अंकी २४३१. नालासोपारा मात्र पाच अंकी होतो, प्लेटवर मावणार नाही. घरातल्यांपैकी ‘बाबा’ ३३ आणि ‘दादा’ ८८. ‘आई’ बिचारी ००!

पसंतीचा नंबर हवा असेल तर?

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर करता येतो. ऑगस्ट २०२४च्या अधिसूचनेनुसार चारचाकीच्या ०००१ला ५ लाख रुपये फी आहे, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख. ०७८६लाही मोठी मागणी असते. त्यामागेही अक्षरांची किंमतच आहे. अरबी ‘अबजद’ पद्धतीत ‘बिस्मिल्ला’च्या पूर्ण वाक्याची बेरीज ७८६ येते.