डोणवतचे शेअर, दिल्लीचा निकाल

खोपोलीहून पेणच्या रस्त्याने निघाले की खालापूर तालुक्यातल्या डोणवत गावात पोलादी पत्र्याचा मोठा कारखाना लागतो. कोल्ड रोल्ड, जस्ताचा मुलामा दिलेला आणि रंगीत पत्रा इथे तयार होतो. बरीच वर्षे तो उत्तम गाल्व्हा स्टील्सचा कारखाना म्हणून ओळखला गेला. या कंपनीतल्या एका हिश्श्याचा प्रश्न २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तोही सुरतजवळच्या हजिरा इथल्या दुसऱ्याच कारखान्याच्या निमित्ताने. भागधारकांच्या भांडणात कोणाचे किती टक्के, हेच आपण आधी विचारतो. त्या टक्क्यांना कागदावर कोणते अधिकार जोडलेले आहेत, हा खरा प्रश्न आहे. ज्याने ते अधिकार घेतले त्याला शेअर विकून हात झटकता येत नाहीत, हे डोणवतच्या प्रकरणातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

हजिरातला तो कारखाना चालवणारी एस्सार स्टील ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने वटहुकूम काढून दिवाळखोरी संहितेत कलम २९अ घातले. ज्याच्या कंपनीचे कर्ज वर्षभराहून अधिक काळ थकीत आहे, त्याने ते फेडल्याशिवाय दुसरी बुडीत कंपनी घेण्यासाठी बोली लावू नये, असा त्याचा आशय. आर्सेलरमित्तल या पोलाद समूहाला एस्सार हवी होती. पण तिच्या नेदरलँड्समधल्या उपकंपनीकडे उत्तम गाल्व्हाचे सुमारे २९ टक्के शेअर होते, आणि उत्तम गाल्व्हाचे कर्ज थकलेले होते. एस्सार ताब्यात घेण्याच्या योजना देण्याची मुदत होती १२ फेब्रुवारी २०१८. त्याच्या पाच दिवस आधी, ७ फेब्रुवारीला, हे शेअर उत्तम गाल्व्हाच्या दुसऱ्या प्रवर्तकांना विकले गेले. दर होता शेअरमागे एक रुपया. बाजारभाव तेव्हा त्याच्या अनेक पट होता. एवढ्या मोठ्या समूहाने आपली गुंतवणूक अशी जवळपास फुकट सोडून दिली, यावरूनच तो हिस्सा गळ्यातले लोढणे झाला होता हे कळते. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. इंदू मल्होत्रा यांच्या खंडपीठाने ही विक्री मान्य केली नाही. योजना देण्याच्या अगदी तोंडावर केलेला व्यवहार अपात्रता टाळण्यासाठी असेल, तर त्याआधीची स्थितीही तपासली जाईल, असे न्यायालयाने ठरवले. दोन आठवड्यांत थकबाकी भरा, तरच योजनेचा विचार होईल, अशी एक शेवटची संधी मात्र दिली. आर्सेलरमित्तलने उत्तम गाल्व्हा आणि मित्तल यांच्याशीच जोडलेली केएसएस पेट्रॉन या दोन कंपन्यांच्या कर्जापोटी सुमारे ७,४६९ कोटी रुपये भरले.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो. शेअर ही मालमत्ता आहे. ती केव्हा, कोणाला, किती किमतीला विकायची हे मालकाने ठरवावे. शिवाय एकोणतीस टक्केवाला भागधारक कारखाना चालवत नसेल, तर दुसऱ्यांनी थकवलेल्या कर्जाचा भार त्याच्यावर का? उत्तर कागदपत्रांत आहे. २००९ च्या करारानुसार आर्सेलरमित्तलची उपकंपनी केवळ गुंतवणूकदार नव्हती, सहप्रवर्तक होती, आणि शेअर बाजारातही तिची नोंद प्रवर्तक म्हणूनच होती. कलम २९अ मध्ये प्रवर्तक, व्यवस्थापन आणि नियंत्रण हे शब्द ‘किंवा’ने जोडलेले आहेत, एक लागू पडला तरी पुरे. बाजारातून शेअर घेणाऱ्या सामान्य माणसावर ही जबाबदारी येत नाही, कारण त्याने प्रवर्तकपणाचे अधिकार कधी मागितलेलेच नसतात. माझ्या मते न्यायालयाने विक्रीच्या स्वातंत्र्यावर घाला घातला नाही; आधी घेतलेल्या अधिकारांचा हिशेब मागितला.

या युक्तिवादाची दुसरी बाजू टाटा–मिस्त्री वादात दिसते. शापूरजी पालनजी समूहाकडे टाटा सन्सचे सुमारे १८.४ टक्के भाग होते आणि त्यांची किंमत प्रचंड होती. तरीही २६ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समूहातले सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून दूर करणे हा अल्पमतातल्या भागधारकांवरचा जुलूम मानला नाही. हिस्सा मोठा असला तरी संचालक मंडळावर जागा मिळण्याचा हक्क आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, लिहिलेला नव्हता. तिथे कागद नसल्याने हक्क मिळाला नाही, इथे कागद असल्याने जबाबदारी चुकली नाही.

खोपोली, खालापूर, कर्जत पट्ट्यातल्या बहुतेक खासगी कंपन्या पत्र्याच्या कारखान्याएवढ्या नसतात. दोन भाऊ, एखादा मेहुणा, एखादा मित्र, बँकेत दोघांच्या सह्या आणि तोंडी ठरलेली वाटणी, असा तो कारभार. अशा घरांसाठी रंगराज विरुद्ध गोपाळकृष्णन हा १९९१ चा निकाल डोळे उघडणारा आहे. दोन भावांच्या कंपनीत पन्नास शेअर, प्रत्येक शाखेकडे पंचवीस. शेअर विकायचे तर आधी आपल्याच शाखेला, असे ठरलेले. पुढच्या पिढीतल्या एकाने ते दुसऱ्या शाखेला विकले. बंधन आर्टिकल्समध्ये नाही, म्हणून ते लागू नाही, असे न्यायालयाने सांगितले. २०१२ च्या व्होडाफोन निकालात या मताशी असहमती व्यक्त झाली आहे, हे खरे. पण त्या असहमतीच्या भरवशावर खटला लढवण्यापेक्षा आर्टिकल्स दुरुस्त करणे कितीतरी स्वस्त पडते. जुलूम आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार खालापूरच्या किंवा अलिबागच्या दिवाणी न्यायालयात चालत नाही. कंपनी कायद्याचे कलम ४३० तो मार्ग बंद करते. जावे लागते मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणात. तिथेही साधारणपणे दहा टक्के भाग किंवा ठरावीक संख्येने सभासद लागतात, आणि वकील पहिल्याच भेटीत आर्टिकल्स, सभांच्या नोटिसा, इतिवृत्ते आणि भागधारकांची नोंदवही मागतो. ती नोंदवही घरच्या कपाटात धूळ खात असेल, तर खरी बाजूही दुबळी पडते.

एक आक्षेप मात्र मी खोडून काढू शकत नाही. एस्सार आणि उत्तम गाल्व्हाची ही सगळी लढाई बँका आणि बडे भागधारक यांच्यात झाली. ट्रकवाले, पॅकिंगवाले, सुटे भाग पुरवणारे यांच्या हाती काय आले? कंपनी अवसायनात गेली तर तारणदार बँकांबरोबर कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला बरोबरीचे स्थान आहे. पुरवठादार त्यांच्या बराच मागे उभा असतो. २०१९ च्या एस्सार निकालातही बँका आणि पुरवठादार यांना वेगळी वागणूक देता येते, असेच ठरले. इथे कायदा अपुरा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तम गाल्व्हा स्वतःच दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, आणि २०२२ मध्ये ती आर्सेलरमित्तल व निप्पॉन स्टील यांच्या संयुक्त कंपनीने घेतली. एक रुपया भावाने जिथून समूह बाहेर पडला होता, तिथेच तो मालक म्हणून परतला. कारखाना आता एएम/एनएस खोपोली या नावाने चालतो. त्याच्या दाराशी माल पोचवणाऱ्या छोट्या कंपन्यांनी या दिवाळीच्या हिशेबाबरोबर आपले आर्टिकल्सही बाहेर काढावेत, भावांनी मिळून ते वाचावेत, आणि जे तोंडी ठरले आहे ते वकिलाकडून त्यात लिहून घ्यावे.