संगणक कक्षातील वीजपुरवठा आणि बॅकअप : देखरेखीची गरज व पद्धत

प्रास्ताविक

वडोदरा जिल्ह्यातील डभोईसारख्या तालुक्याच्या गावी अनेक विद्यार्थ्यांचा संगणकाशी संबंध येतो तो कॉलेजच्या संगणक कक्षातच. प्रात्यक्षिक परीक्षेत ऐनवेळी वीज गेली आणि काम जतन झालेले नसेल, तर तेच काम घरी पुन्हा करण्याची सोय त्यांना नसते. म्हणून कक्षातील वीज हा केवळ तंत्रज्ञाचा विषय नसून शिक्षकाचाही आहे.

चांगल्या पुरवठ्यातील धोका

गुजरातमध्ये 2003 साली ज्योतिग्राम योजना सुरू झाली. शेतीपंपांच्या वाहिन्या गावठाणाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या करण्यात आल्या आणि खेड्यांतही 24 तास वीज मिळू लागली. ही सुधारणा मोठीच आहे. परंतु तिच्यामुळे एक नवी अडचण निर्माण होते. पूर्वी वीज रोज जाई, त्यामुळे यू.पी.एस.ची परीक्षाही रोज होत असे. आता वीज क्वचित जाते, बॅटरी महिनोन्‌महिने न वापरता पडून राहते आणि निकामी झाली तरी कोणाला कळत नाही. मोठ्या शहरातही वीज जातेच. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व परिसराचा पुरवठा बंद पडला, लोकल गाड्या थांबल्या आणि ऑनलाइन परीक्षांत व्यत्यय आला.

बॅकअपचा हिशेब

समजा, कक्षात 20 संगणक आहेत आणि प्रत्येकी मॉनिटरसह 100 वॉट वीज लागते. एकूण भार 2000 वॉट झाला. 3 के.व्ही.ए. क्षमतेच्या यू.पी.एस.चा पॉवर फॅक्टर 0.8 असेल, तर त्यातून 2400 वॉट मिळतात. म्हणजे भार पेलतो. त्याला 12 व्होल्ट, 26 अँपिअर-तासाच्या 8 बॅटऱ्या जोडल्यास साठा 8 × 12 × 26 = 2496 वॉट-तास होतो. जलद वापर व रूपांतरातील घट धरता यातील सुमारे 60 टक्केच, म्हणजे 1500 वॉट-तास, हाती येतात. 1500 ला 2000 ने भागले की पाऊण तास मिळतो. मात्र हा हिशेब नव्या बॅटरीचा आहे.

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारणपणे 3 ते 5 वर्षे असते आणि तेही 25 अंश सेल्सिअस तापमान धरून. तापमान त्याहून 8 ते 10 अंशांनी सतत अधिक राहिल्यास आयुष्य जवळजवळ निम्मे होते. वडोदरा परिसरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. सुट्टीत बंद ठेवलेल्या खोलीत बॅटरीची झीज होत राहते, आणि तरीही यू.पी.एस.चा हिरवा दिवा चालूच दिसू शकतो.

कशाची नोंद ठेवावी

यासाठी कक्षात एक साधी नोंदवही पुरेशी आहे.

1. रोज : यू.पी.एस.च्या पॅनेलवरील येणारे व्होल्टेज, भाराची टक्केवारी आणि खोलीचे तापमान. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 6 टक्क्यांचा चढउतार धरल्यास मर्यादा 216 ते 244 व्होल्ट येते. आकडा वारंवार तिच्याबाहेर जात असल्यास नोंदीसह वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

2. वीज जाईल तेव्हा : गेल्याची व आल्याची वेळ.

3. दरमहा : सर्वांचे काम जतन करून नेहमीच्या भारावर यू.पी.एस.चा मुख्य पुरवठा बंद करावा आणि 15 मिनिटांत बॅटरीची पातळी किती उतरते ते लिहावे. बॅटरी पुन्हा भरण्यास काही तास लागतात. म्हणून ही चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी करू नये.

4. सहा महिन्यांनी : तंत्रज्ञाकडून प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज भारावर असताना मोजून घ्यावे व अर्थिंग तपासावे. बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्याने एक कमजोर झाली तरी सारा संच बसतो. आठ बॅटऱ्यांच्या संचात 96 व्होल्ट असतात, तेव्हा शिक्षकांनी टर्मिनलला हात लावू नये.

क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली आली की बॅटऱ्या बदलाव्यात. जुन्या बॅटऱ्यांत शिसे असल्याने त्या भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्याव्यात. लेझर प्रिंटर मात्र यू.पी.एस.वर कधीही जोडू नये, कारण तो तापताना एकदम मोठा भार घेतो. सर्व्हर असल्यास तो यू.पी.एस.ला केबलने जोडून, बॅटरी संपत आल्यावर आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करावी. नेटवर्क यूपीएस टूल्स ही मोफत प्रणाली यासाठी उपलब्ध आहे.

समारोप

मराठीतील ‘निगा’ हा शब्द फारसीतील ‘निगाह’पासून, म्हणजे नजरेपासून आला आहे. ज्या वस्तूकडे कोणी पाहत नाही, तिची निगा राखली जात नाही. यू.पी.एस. विकत घेणे हे संस्थेचे काम असले, तरी तो वेळेला उपयोगी पडेल की नाही हे नोंदवहीतील रोजच्या एका ओळीवर अवलंबून असते. ती ओळ लिहिण्यास दोन मिनिटे लागतात, आणि त्या दोन मिनिटांनी विद्यार्थ्याचे तीन तासांचे काम वाचू शकते.