रत्नागिरीचा थिबा राजवाडा : एका बंदिवासाची वास्तु

चांद्याच्या रानांत वाढलेल्या माणसास सागाची थोरवी सांगावी लागत नाहीं. जुन्या चांदा जिल्ह्याचे १९८२ सालीं चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले, तरी आलापल्लीचें रान आणि बल्लारशाचा लाकडाचा डेपो हीं दोन नांवें आजहि एका दमांतच घेतलीं जातात. याच सागाच्या व्यापारावरून उठलेल्या एका तंट्यांत ब्रह्मदेशाचें राज्य बुडालें, आणि तेथील पदच्युत राजासाठीं कोंकणच्या किनाऱ्यावर एक मोठें घर उभें राहिलें. तें घर म्हणजे रत्नागिरीचा थिबा राजवाडा. हें ‘राजवाडा’ नांव कितपत सार्थ आहे, याचा विचार त्या वास्तूच्याच साक्षीनें प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

थिबा राजा १८७८ सालीं मंडालेच्या गादीवर आला. त्याच्या राज्यांतील सागाची तोड बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी करीत असे. ती १८६३ सालीं मुंबईंत स्थापन झाली होती व तिचे चालक इंग्रज होते. कबूल केल्याहून अधिक ओंडके नेऊन राजाचा कर बुडविल्याचा आरोप तिजवर आला, आणि १८८५ सालीं राजसभेनें तिला सुमारें २३ लक्ष रुपये दंड केला. ब्रह्मदेशांत फ्रेंचांचा शिरकाव होत आहे ही धास्ती इंग्रजांस आधींच होती. दंडाचें निमित्त पुरलें. नोव्हेंबरांत सैन्य चालून गेलें व त्याच महिन्याच्या अखेरीस मंडाले पडलें. १ जानेवारी १८८६ रोजीं राज्य खालसा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. राजास राण्या व मुलींसह प्रथम मद्रासेस आणि एप्रिल १८८६ मध्यें रत्नागिरीस आणिलें. तेथें तेव्हां आगगाडी नव्हती. एकीकडे सह्याद्रि, दुसरीकडे समुद्र, अशी ही आडबाजूची जागा राजबंद्यासाठीं सरकारास सोयीची वाटली असल्यास नवल नाहीं.

राजवाडा मात्र लगोलग बांधला गेला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सरकारी बंगल्यांत दिवस कंठतां कंठतां चोवीस वर्षें गेलीं, आणि १९१० सालीं राजकुटुंब नव्या घरांत राहावयास आलें. डिसेंबर १९१६ मध्यें राजा वारला. म्हणजे ज्याच्यासाठीं घर बांधलें त्यास तें जेमतेम सहा वर्षें लाभलें. याच १९१० सालीं रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते, आणि तो तुरुंग थिबाच्याच जुन्या राजकोटाच्या आंत होता. एकाच सरकारनें दोघांस एकमेकांच्या गांवीं नेऊन ठेविलें होतें.

आतां वास्तूकडे वळूं. समुद्र व भाट्याची खाडी दोन्ही दृष्टीस पडतील अशा उंचवट्यावर ही तीन मजली इमारत आहे. कालमानानें ती व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १९०१ च्या, पश्चातची. पण घडण सर्वस्वीं राणीच्या काळची. भिंतींत कोंकणचा जांभा दगड व लाल वीट. माथ्यावर पावसाचें पाणी झरकन् निथळून जावें म्हणून उतरतीं छप्परें. खिडक्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी व त्यांत कोरीव लाकूडकाम. आंत संगमरवरी फरशीचें नृत्यदालन. साहित्य कोंकणचें, मांडणी इंग्रजी अंमलदाराच्या मोठ्या बंगल्याची. ब्रह्मदेशाची म्हणून जी खूण येथें दाखवितात, ती मागील बाजूस असलेली बुद्धमूर्ति.

मंडालेचा राजवाडा याशेजारीं मनानें मांडून पाहावा. थिबाचा पिता मिंडोन याच्या कारकीर्दींत १८५७ ते १८५९ या काळांत तो बांधला गेला. तो सारा सागाचा होता. त्याचीं दालनें उंच जोत्यावर, पण एकमजली होतीं. राजाच्या डोक्यावर कोणाचें पाऊल पडूं नये असा तेथील रिवाज. राजपद मजल्यांच्या संख्येनें दर्शविलें जात नसे; सिंहासनावरील सात थरांच्या शिखरानें तें दर्शविलें जाई. रत्नागिरीच्या घरांत मजले आहेत, शिखर नाहीं. राहण्याची सोय आहे, सिंहासनाची नाहीं. राजाचा मान राखल्याचें दिसावें आणि राजत्व मात्र कोठेंहि दिसूं नये, हा हेतु जणूं त्या आराखड्यांतच उतरला आहे.

आमच्या प्रांतांत याचें जुनें उदाहरण आहे. १७५१ सालीं रघूजी भोसल्यांनीं चांद्याचें राज्य घेतल्यावर शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा यास वर्धा नदीच्या कांठीं बल्लारपूरच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविलें. किल्ला त्याच्याच पूर्वजांचा होता. तेथें राजवाड्याचा तुरुंग झाला. रत्नागिरीस तुरुंगास राजवाड्याचें रूप दिलें. पहिल्या प्रकारांत कैद उघड आहे, म्हणून इतिहासकार फसत नाहीं. दुसऱ्यांत तो फसण्याचा संभव अधिक.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९१९ सालीं राणी सुपयालत् मायदेशीं परतली आणि १९२५ सालीं रंगून येथें वारली. थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ सालीं तेथेंच निवर्तली. परंतु ज्या घरांत ती राजकन्या म्हणून वावरली, तें घर तिच्या वांट्यास आलें नाहीं. तें सरकारचेंच राहिलें, आणि पुढें तेथें राज्याच्या पुरातत्त्व खात्याचें संग्रहालय झालें. राजाची समाधि रत्नागिरींतच आहे.

दैवाचा खेळ असा कीं, १९४५ सालच्या लढाईंत मंडालेचा सागवानी राजवाडा जवळजवळ सगळा जळून गेला. आज तेथें दिसतो तो मागाहून पुन्हा उभारलेला. राज्य जेथें केलें ती वास्तु गेली, बंदिवास जेथें भोगला ती राहिली. म्हणूनच रत्नागिरीच्या घराचें मोल अधिक आहे. त्यास राजवाडा म्हणण्याचा लोकांचा परिपाठ मोडावा असें आम्ही म्हणत नाहीं; त्यांत परक्या राजाविषयींचा आदर आहे. मात्र संग्रहालय पाहून बाहेर पडणाऱ्यानें खाडीकडील अंगानें क्षणभर उभें राहावें. समोर खुला समुद्र दिसतो, आणि त्यापुढें जाण्याची मोकळीक घरधन्यास नव्हती, हें ध्यानांत आलें म्हणजे वास्तूची साक्ष पुरी होते.